तुमचा बाप्तिस्मा कोणी केला?

सोलापूर,
मे १९३२

प्रिय शिवशरण,

आप्पांचा आणि माझा सलाम. तुझं पोस्टकार्ड पोचलं. नेहमीसारखंच दोन ओळींचं. तू बरा आहेस, मंडळी बरी आहे, बार्शीत ऊन फार आहे. ऊन इथंही फार आहे. शाळेला सुट्टी लागली, बोर्डिंगातल्या मुली आपापल्या गावी गेल्या, आणि मिशनच्या एवढ्या मोठ्या आवारात आता आप्पा आणि मी दोघंच, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही, आणि या पत्रात एकही वाक्य खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. आम्ही तिघं आहोत. तुझ्या खोलीत एक पाहुणा आहे.

तो कोण ते सांगेन, पण लगेच नाही. लगेच सांगितलं तर तू कागदाची घडी घालून ठेवून देशील, मी तुझी थोरली बहीण आहे, तुला लहानपणापासून ओळखते. एवढं सांगते की तो आजारी आहे आणि खोकतो. मागच्या आठवड्यात दुपारी मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. भिंतीपलीकडून खोकला आला. आधी कोरडा, मग ओला, आणि मध्येच एक थांबलेला श्वास, चढ चढताना माणूस थांबतो तसा. मी सूप खाली ठेवलं, ‘आले गं’ म्हणाले आणि उठून दारापर्यंत गेले. तिथं आठवलं की गंगम्माला जाऊन तीन वर्षं झाली. आप्पांचंही तसंच होतं. त्यांना आता फार कमी दिसतं. परवा ते पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले आणि म्हणाले, “गंगव्वा, घोटभर पाणी घे.” आतल्या माणसानं हात पुढं केला आणि तिच्या नावाचं पाणी मुकाट्यानं प्याला. मी दारात उभी होते. त्या वेळचा त्याचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

शिवशरणा, गंगम्मा तुझी बायको होती. तिच्याबद्दल बोलण्याचा पहिला हक्क तुझा, म्हणून मी इतके दिवस गप्प राहिले. तू बोलत नाहीस, आप्पा बोलत नाहीत, मग मी कुणाजवळ बोलू? पण आता बोलल्यावाचून भागणार नाही. ते वर्ष तुला पुन्हा सांगते. तुला सगळं ठाऊक आहे असं तुला वाटेल, तरी वाच.

शिवयोगी सोलापुरात आले त्या हिवाळ्यात तू नुकताच पाळक झाला होतास. मिलच्या मागच्या मैदानात मांडव पडला. भिंतीभिंतींवर जाहिराती लागल्या: ‘रेव्हरंड डॉक्टर शिवयोगी, डी. डी.’ डी. डी. म्हणजे धर्मशास्त्राची मोठी पदवी. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. त्यांची हकीकत मुलामुलांना पाठ झाली होती. कर्नाटकातल्या एका मोठ्या मठाच्या गादीचे ते वारस. गादीवर बसायच्या आदल्या दिवशी प्रभूचं दर्शन झालं. मग घरदार सोडलं, सिलोनात बिशपांच्या हातून दीक्षा घेतली, अमेरिकेत विद्या घेतली आणि आपल्या लोकांसाठी परत आले. मराठीत बोलता बोलता ते कानडीत शिरत, आणि मिल सुटून आलेल्या विणकरांसाठी मधूनच तेलुगूचं एखादं वाक्य घालत. ते हळू बोलत, तरी अगदी मागं कनातीला टेकून बसलेल्या बाईला वाटे की आपल्याच कानाशी बोलताहेत. मीही त्या बायकांतलीच एक होते. गाणं सुरू झालं की माझ्या अंगावर काटा येई. आपल्या आप्पांनी उभा जन्म उपदेशक म्हणून खेडोपाडी पायी काढला, पण त्यांचं ऐकायला ओसरीभर माणसं जमली तरी पुष्कळ, आणि त्यातली निम्मी सावलीसाठी आलेली. इथं मैदान भरत होतं. तू शिवयोगींच्या डाव्या हाताला उभा राहून त्यांच्या कानडीचं मराठी करायचास. तुझा आवाजही त्यांच्यासारखा होत चालला होता. मला त्याचा अभिमान वाटे.

त्या रविवारी देवळात काय झालं ते आठव. मांडवात विश्वास धरून पुढं आलेल्या माणसांना शिवयोगींनीच बाप्तिस्मा द्यावा, असं मंडळीच्या पंचांनी ठरवलं होतं, आणि मंडळीची संमती तेवढी घ्यायची होती. सगळ्यांचे हात वर गेले. तेवढ्यात आप्पा उठले. कोटाची बटणं लावली. बोलायला उभं राहताना ते नेहमी लावतात. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका. तुमचा बाप्तिस्मा कोणी केला, आणि कुठल्या मंडळीत?”

शिवयोगींनी डोळे मिटले आणि हसून म्हणाले, “ज्यानं मला बोलावलं, त्यानंच.” लोक ‘आमेन’ म्हणाले. आप्पा उभेच. म्हणाले, “तो तर सगळ्यांनाच बोलावतो. मी माणसाचं नाव विचारतो आहे.”

मग कुजबूज सुरू झाली आणि तू शिवयोगींच्या शेजारून म्हणालास, “आप्पा, बसा.”

तू ओरडला नाहीस, हळूच म्हणालास. आप्पा बसले. बसताना त्यांनी बाकाची कड चाचपली. त्यांचे डोळे अधू होत चालले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर देवळात त्यांना कोणी प्रार्थना करायला सांगितलं नाही. नळावर बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत: जन्मभर खपून याला चार माणसं जमवता आली नाहीत, आता दुसऱ्याचं मैदान बघून म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय. पंचांनी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितली. आप्पांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मला फक्त एकदा म्हणाले, “दाक्षायणी, गवंडी लावताना सुद्धा आपण विचारतो, बाबा, कुणाच्या हाताखाली शिकलास. तेवढंच विचारलं मी.”

गंगम्मा तेव्हा गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात होती. ताप उतरला होता, अंगावर थोडं मांस आलं होतं. आणखी एक वर्ष पडून राहिली तर बरी होईल, असं डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं होतं. तू तिला टांग्यात घालून मांडवात आणलंस. तू तिच्यावरच्या मायेनंच आणलंस, हे मला ठाऊक आहे. माझ्या मनात तुझ्याबद्दल दुसरं काही कधी आलं नाही. हातावर उचलून तू तिला मंचावर नेलंस. शिवयोगींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खाली वाकून कानडीत काही विचारलं. तिनंही हळूच काही उत्तर दिलं. तुला ऐकू आलं नाही, कारण तू डोळे मिटून प्रार्थना करत होतास. मग ते उभे राहिले आणि म्हणाले की मुलगी बरी झाली. गंगम्मा उठली. मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. मैदानात एकच गजर झाला. मी तुझ्याकडे बघत होते. तसा आनंद मी तुझ्या तोंडावर तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

ती परत दवाखान्यात गेली नाही. आमच्या आधी उठायची, भाकऱ्या थापायची, पाणी भरायची. तिनं स्वतःला असं कामाला जुंपून घेतलं होतं की कुणाला शंका येऊ नये. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत ती त्याच खोलीत वारली, जिथून आता मला खोकला ऐकू येतो. शिवयोगी तेव्हा हुबळीकडे होते. मातीला आले नाहीत. त्यांचा निरोप आला की गंगम्मा बरीच झाली होती, पण घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. कबरस्तानातून परतताना लोक आप्पांपासून चार पावलं दूर चालत होते. तू पुढं निघून गेलास. पुढच्या महिन्यात बार्शीची जागा मागून घेतलीस, आणि तेव्हापासून तुझ्या पोस्टकार्डावर ‘आप्पांना सलाम’ एवढंच असतं. मी तुला दोष देत नाही. आप्पांनी तर कधीच दिला नाही. तू त्यांना दोषी धरलंस की स्वतःला, हे मला आजही कळलेलं नाही. बहुधा तुलाही कळलं नसेल.

पुढचं तुझ्या कानावर तुकड्या-तुकड्यांनीच आलं असेल, म्हणून नीट सांगते. मार्शल लॉच्या वर्षी सभा बंद होत्या. ते दिवस सरले आणि शिवयोगी पुन्हा फिरू लागले. गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात मंद्रूपला बाजाराच्या दिवशी त्यांची सभा होती. आप्पा म्हणाले, मला घेऊन चल. मला जायचं नव्हतं. तो आवाज मला नको होता. गंगम्मा गेल्यापासून मी ती गाणी ऐकली की कान झाकून घेत होते, आणि तरीही वर्गात मुलींच्या वह्या तपासताना माझ्याच तोंडून त्यांची चाल निघायची. पण आप्पांना एकटं कसं सोडायचं? आम्ही मांडवाच्या दोरीपाशी उभे राहिलो. गाणं रंगात आलं होतं. आमच्या शेजारी इरकल नेसलेली, कपाळाला विभूती लावलेली एक प्रौढ बाई येऊन उभी राहिली. हातात चपला होत्या, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. बराच वेळ तिनं गाणं ऐकलं. मग हाक मारली, “गुरप्पा.”

दारातून घरात कुणाला हाक मारावी तशीच ती हाक होती. पण शिवयोगींचा सूर मध्येच तुटला. ती कानडीत म्हणाली, “तुझी आई गेली. निरोप कुठं धाडायचा ते ठाऊक नव्हतं.”

त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कुणाकडे न बघता मंचाच्या मागच्या बाजूनं उतरले. लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेले. ते परत आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गावातही नव्हते.

त्या बाईचं नाव निंगव्वा. त्यांची लग्नाची बायको. आप्पांनी तिला झाडाखाली बसवलं, आमच्या फडक्यातली भाकरी दिली. तिला राग असा नव्हताच. मठबिठ काही नाही, म्हणाली, बाप बैलांना नाल ठोकायचा. मुलाचा गळा चांगला म्हणून एका नाटक कंपनीनं नेलं. तिथं तो संतांची कामं करी, आणि लोक विंगेत येऊन पाया पडत. कंपनी बुडाली, पण तो घरी आलाच नाही. जाताना तिनं आप्पांना विचारलं, “इथं तो चांगलं गायचा का?” आप्पा म्हणाले, “फार चांगलं.” तिनं मान हलवली आणि वाटेला लागली.

सोलापुरात कुणी म्हणालं, ती बाई विरोधकांनी उभी केली. कुणी म्हणालं, सैतानाचं काम. देवळातल्या कपाटावर शिवयोगींचा फोटो होता तो एका सकाळी दिसेनासा झाला. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही, आणि आप्पांकडेही कुणी आलं नाही. आली ती एकटी सोजरबाई, आवार झाडणारी. म्हणाली, “अक्का, त्यो लबाड व्हता म्हनं. मग माज्या नवऱ्यानं त्याचं ऐकून दारू सोडली, ती बी लबाडीच का? आजून शिवला न्हाय की त्यो.” आप्पा आतून म्हणाले, “निरोप्या लबाड निघाला म्हणून निरोप खोटा होत नाही, बाई. पण निरोप्याला नाव-गाव विचारायचं नाही, असं कुठं आहे?”

एवढ्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल. हो, तुझ्या खोलीत तोच आहे. कागद फाडू नकोस. थोडंच राहिलं आहे.

चैत्र संपता संपता एका संध्याकाळी टांगेवाल्यानं फाटकाशी एका माणसाला उतरवलं. कफनी नव्हती. कुणाचा तरी ढगळा सदरा, डोकं भादरलेलं, गालांची हाडं वर आलेली. मी ओळखलं नाही. आप्पांना तर दिसलंच नाही. पण तो “सलाम” म्हणाला आणि आप्पांचा हात काठीवर थबकला. आवाज तेवढा शिल्लक होता. मी म्हणाले, या घरात नाही. मी काय काय म्हणाले ते लिहीत नाही. चाळीस वर्षांत तोंडून निघालं नव्हतं असं बोलले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, “इथं नाही, मग कुठं?” आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, “जेवलात का?”

तुझी खोली दिली कारण तिलाच दोन खिडक्या आहेत. त्यालाही क्षयच आहे. डॉक्टर येऊन गेले. पावसाळा काढणार नाही म्हणाले. मी त्याला पेज देते, त्याची भांडी वेगळी उकळते, पण त्याच्याशी बोलत नाही. कोण जाणे, मी हे दयेनं करते की त्याला मरताना बघायचं म्हणून करते. काही दिवस एक असतं, काही दिवस दुसरं. त्याचा श्वास अडकला की माझाही अडकतो, आणि सुटला की मला स्वतःचाच राग येतो. आप्पा मात्र रोज दुपारी त्याच्या उशाशी बसतात. डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून पाठ असलेली स्तोत्रं म्हणतात. एकदा त्यांनी विचारलं, इथंच का आलात? तो म्हणाला, “माझ्याकडं सगळ्यांनी काही ना काही मागितलं. तू कोण, असं तुम्हीच एकट्यानं विचारलं.”

त्यानं आप्पांना सगळं सांगितलं. मी दारात होते. कंपनी बुडाल्यावर उपाशी हिंडताना एका गावात एका पाद्रीसाहेबांचा तंबू दिसला. आत गाणं बरं चाललं नव्हतं म्हणून यानं उठून एक पद म्हटलं. लोक रडले. दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला पाट मांडला, तिसऱ्या दिवशी बोलायला उभं केलं. तो देवमाणूस आहे असं लोकांनीच धरलं, आणि यानं नाही म्हटलं नाही. डी. डी. ही अक्षरं त्यानं छापखान्यात दुसऱ्या कुणाच्या नावापुढं पाहिली होती. म्हणाला, सुरुवातीला कफनी चढवली की नाटकातल्यासारखंच वाटे. पुढं कधीतरी एकटा असताना आपण गुडघे टेकलेले आहेत, असं ध्यानात आलं, आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं. त्या दिवसापासून भीती शिरली. कारण त्याचा बाप्तिस्मा कधी झालाच नव्हता. “इतक्यांच्या डोक्यावर पाणी घातलं,” तो म्हणाला, “मग माझ्यासाठी कुणाकडं मागू? मागितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.”

आता जे लिहिते ते तुला लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण गंगम्माचं ते तुझ्याबद्दलचं बोलणं आहे आणि ते तुझं आहे. मंचावर वाकून त्यानं तिला विचारलं होतं, बरं वाटतंय का? ती म्हणाली, “नाही. पण माझ्या नवऱ्याचं तोंड बघा. त्यांना नाही म्हणू नका.” म्हणून तो बरी झाली म्हणाला. यात तिचा दोष नाही, आणि तुझाही नाही, शिवशरणा. दोष पुढचा आहे, आणि तो त्यानंच मोजून आपल्या पदरात घेतला. नंतर तो आपल्या घरी दोनदा जेवायला आला होता. तिच्या पदराला रक्ताचा डाग त्यानं पाहिला. बाजूला घेऊन ‘दवाखान्यात परत जा’ एवढं तो सांगू शकत होता, आणि त्याचं तिनं ऐकलं असतं. पण पुढच्या रविवारची सभा तिच्याच साक्षीवर ठरलेली होती. तो गप्प बसला, आणि ती गेल्यावर तो निरोप पाठवला. कुणाचाही विश्वास कमी पडला नव्हता. तिचा नाही, आप्पांचा नाही, तुझा तर नाहीच.

त्याला आता बाप्तिस्मा हवा आहे. गुरप्पा या नावानं, मंडळीसमोर. मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि मग बोलले. गावात निम्म्या मंडळीचा बाप्तिस्मा या माणसाच्या हातचा, पंचांतल्या दोघांच्या नातवंडांचासुद्धा. त्याचाच झाला नव्हता हे बाहेर आलं तर काय होईल? तो झालेलाच आहे असं समजून चालू, त्याला शांतपणे जाऊ द्या, आपण चांगलं दफन करू. गावाच्या दक्षिणेकडच्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकांनीही अंग काढून घेतलं. मी हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे मी तेव्हा विचारलं ते चुकलं, आणि आता तो उत्तर देतोय तेही चुकलं.”

खरं तर हे पत्र मी त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. त्याला क्षमा करायला मी तुला सांगणार नाही. माझ्याकडूनच झालेली नाही. मी लिहिते आहे ते आप्पांसाठी. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं त्यांच्या डोक्यावर आप्पांनी आजवर पाण्याचा एक थेंब घातलेला नाही, तुला ठाऊक आहे. खेड्यातली माणसं हात जोडून म्हणायची, आप्पा, तुमीच घाला की. आप्पा म्हणायचे, मी उपदेशक, मला तो अधिकार दिलेला नाही; आणि बैलगाडी पाठवून पाळक आणवायचे. जो अधिकार आपल्याला नाही तो घ्यायचा नाही, या एका गोष्टीसाठी त्यांनी मंडळी गमावली, मान गमावला, तुला गमावलं. आज सकाळी त्यांनी मला पितळेची वाटी घासून ठेवायला सांगितली. रविवारपर्यंत कुणी आलं नाही तर तेच घालणार आहेत. मी विचारलं, आप्पा, अधिकाराचं काय? ते म्हणाले, “तो मागतो आहे, दाक्षायणी. मी त्याला किती दिवस नाही म्हणू?” आणि तेव्हापासून ते जेवलेले नाहीत. ओसरीवर बसून आपले दोन्ही हात एकमेकांवर घासताहेत, त्यांना काही लागलं असावं तसे. शिवशरण, तू पाळक आहेस. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत तुला तो अधिकार दिलेला आहे, आणि त्या दिवशी आप्पा पहिल्या बाकावर बसून रडले होते. शनिवारच्या गाडीनं ये, कुर्डुवाडीला बदल. त्या माणसाशी एक शब्द बोलू नकोस हवं तर, विधीचे शब्द तेवढे म्हण. पण ते पाणी आप्पांना घालायला लावू नकोस. त्यांनी त्याला ओळखलं होतं, त्यांना त्याच्यासारखं व्हायला लागू नये.

उत्तराची नाही, तुझीच वाट बघणारी,
तुझी अक्का,
दाक्षायणी